जुन्या माणसाचा जुना दर

मराठी प्रकाशक, नियतकालिकांचे संपादक आणि भाषांतराचे, मुद्रितशोधनाचे काम बाहेर देणाऱ्या संस्थांचे चालक यांस,



आपल्या पुस्तकांवर आणि अंकांवर राबणारी बरीच माणसे आपल्या पगारपत्रकावर नसतात. अनुवादक, प्रुफे तपासणारे, मुखपृष्ठे करणारे चित्रकार, पाने लावून देणारे, असे हे लोक. त्यांतली कितीतरी आपल्याबरोबर दहा-पंधरा वर्षे आहेत. आपण त्यांना घरचे मानता, तेही संस्थेला आपली मानतात. या जुन्या माणसांना मिळणाऱ्या दराबद्दल हे पत्र आहे. ज्यांच्याशी आपला संबंध सर्वांत जुना, त्यांनाच पुष्कळ ठिकाणी सर्वांत कमी दर मिळतो आहे. कुणाच्या मनात खोट आहे म्हणून हे होत नाही. दर वाढवण्याची काही रीतच नाही, म्हणून होते. ती रीत घालून देणे आपल्या हातात आहे. दरवर्षी १ एप्रिलला महागाईच्या प्रमाणात दर आपोआप वाढेल, असे एक कलम करारात असावे, ही माझी मागणी.

आधी हिशेब पाहू. शब्दामागे पन्नास पैसे हा दर केवळ उदाहरणादाखल घेऊ. एखाद्या अनुवादकाला २०१४-१५ मध्ये हा दर मिळत होता आणि दहा वर्षांनंतरही तोच मिळतो आहे, असे समजा. केंद्र सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१४-१५ ते २०२४-२५ या काळात साठ टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. म्हणजे तेव्हा शंभर रुपयांत येणाऱ्या किराणा, भाडे, औषधे, फी या सगळ्याला आता एकशे साठ रुपये पडतात. तेव्हाच्या पन्नास पैशांची बरोबरी करायला आता ऐंशी पैसे हवेत. पन्नासच दिले, तर जुन्या हिशेबाने हातात एकतीस पैसे पडतात. मजुरीत अडतीस टक्क्यांची ही घट आहे. ‘यंदापासून तुमच्या दरात अडतीस टक्के कपात करत आहोत’ असे पत्र कोणताही सभ्य प्रकाशक आपल्या जुन्या अनुवादकाला लिहिणार नाही, लिहिताना त्याचा हात थांबेल. तीच कपात दहा वर्षांत विभागून झाली आणि तिच्यासाठी कुणाला पत्र लिहावे लागले नाही, म्हणून ती दोघांच्याही ध्यानात आली नाही. ‘दर आहे तोच ठेवला’ हे वाक्य कानाला तटस्थ वाटते, पण महागाई असलेल्या देशात ते तटस्थ असूच शकत नाही. आणि आपल्या देशात महागाई हा अपघात नाही. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल करून चार टक्के महागाईचे उद्दिष्टच ठरवले गेले. ते दरवर्षी तंतोतंत साधले, तरी अठरा वर्षांत किमती दुप्पट होतात. किमती वाढणार हे धोरणच असेल, तर मजुरी कशी वाढणार याचाही काही नियम हवा.

ज्यांना एक मालक नाही, नोकरी नाही, हजेरीपट नाही, त्यांच्या दराला नियम कसा लावणार, असे विचारले जाते. महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, तर दुपारी दुसऱ्याच्या गाळ्यावर पोती वाहायचा. त्यामुळे त्याला आपला कामगार म्हणायला कुणीच तयार नसे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्याखाली मंडळे स्थापन झाली, मजुरीबरोबर लेव्हीची रक्कमही व्यापाऱ्याने मंडळात भरायची असे ठरले, आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी, औषधोपचार अशा सोयी उभ्या राहिल्या. हमालीचे दर व्यापारी आणि कामगारांच्या संघटना एकत्र बसून ठरावीक काळाने सुधारतात. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हीच वाट चालवली. माथाडी मंडळांच्या कारभारात दोष नाहीत असे नाही, त्यांवरून भांडणेही होतात. पण अनेक मालकांकडे काम करणाऱ्या माणसाच्या मजुरीची ठरल्या वेळी फेरतपासणी झाली पाहिजे, हे तत्त्व या राज्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ मान्य झालेले आहे.

रिक्षाचालकही स्वतःच्या वाहनावर, स्वतःच्या जोखमीवर काम करतो. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २०१५ मध्ये अठरा रुपये झाले, २०२१ मध्ये एकवीस, २०२२ मध्ये तेवीस आणि फेब्रुवारी २०२५ पासून सव्वीस. २०१५ नंतर जवळजवळ सहा वर्षे वाढ झाली नाही. चालक नाराज होते आणि त्यांची नाराजी रास्त होती. तरीही त्यांच्याकडे भाडे ठरवणारे प्राधिकरण आहे, आणि हकीम समिती, खटुआ समिती यांनी इंधन, वाहनाची किंमत, दुरुस्ती व राहणीमानाचा खर्च यांवर बसवलेली सूत्रे आहेत. प्रवाशाने दाराशी घासाघीस करून भाडे ठरवावे, असे आपण कुणीच म्हणत नाही. सरकारी नोकराचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारतो. सातवा वेतन आयोग २०१६ मध्ये लागू झाल्यापासून जानेवारी २०२४ पर्यंत हा भत्ता शून्यावरून मूळ पगाराच्या पन्नास टक्क्यांवर गेला आणि त्यासाठी कुणा कारकुनाला साहेबांपुढे भीड मोडावी लागली नाही. वृत्तपत्रांत नोकरी करणाऱ्या पत्रकारांसाठी १९५५ मध्ये कायदा झाला. त्याखालच्या मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरल्या, त्यांत महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला आहे. अंमलबजावणीच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण बोट ठेवायला कागद तरी आहे. त्याच वृत्तपत्राच्या पुरवणीत बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखाचा दर कशाशीच जोडलेला नसतो.

आता जुन्या संबंधांकडे येऊ. नोकरीत वर्षे वाढत जातात तसा कायदा त्यांना मोल देतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणे बंधनकारक केले. बाहेरून काम करणाऱ्याच्या बाबतीत वर्षे उलटी मोजली जातात. नवे काम येते तेव्हा तो चालू बाजारभाव सांगतो, समोरचा एकतर मान्य करतो किंवा दुसरीकडे जातो. दोघांचाही काही मागचा हिशेब नसतो, म्हणून बोलणे सोपे असते. जुन्या ठिकाणी मात्र पहिल्या पुस्तकाचा दर हाच करार होऊन बसतो. तो बदलायचा तर विषय काढावा लागतो, आणि विषय काढायचा म्हणजे इतक्या वर्षांच्या स्नेहात पैसा आणल्यासारखे वाटते. म्हणून तो गप्प राहतो आणि नव्या ठिकाणी मिळणाऱ्या दरावर जुन्या ठिकाणची तूट भरून काढतो. परिणामी त्याच्या वहीत सर्वांत जुने गिऱ्हाईक सर्वांत खालच्या दरावर असते. बँकांची माहितीपत्रके, औषध कंपन्यांची संमतिपत्रे, चित्रपटांची उपशीर्षके यांचे भाषांतर करणारा माणूस आणि आपल्यासाठी कादंबरीचा अनुवाद करणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. दिवसाचे ताजे तास कोणत्या कामाला जातात आणि रात्रीचे उरलेले कोणत्या कामाला, याचा विचार करावा. तो आपल्यावर रागावलेला नसेलही. घरभाडे ज्या कामातून निघते, ते काम माणूस आधी करतो. आपला अनुवाद दर वेळी महिना-दोन महिने लांबतो, याचे एक कारण इथे असू शकते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मराठी पुस्तकांच्या बाजाराचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हजाराची आवृत्ती पाचशेवर आली आहे, कधी मागणीप्रमाणे छपाईवर. वितरक आणि विक्रेते यांचे कमिशन जाऊन छापील किमतीतला बराच भाग प्रकाशकाच्या हाती येतच नाही. कागदावर जीएसटी भरावा लागतो, पुस्तकावर मात्र तो नाही, त्यामुळे कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही आणि तो खर्चातच जिरवावा लागतो. सरकारी खरेदी बेभरवशाची. हे सगळे खरे आहे आणि यांत तग धरून राहणाऱ्या प्रकाशकांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच आकडे मांडून पाहू. साठ हजार शब्दांचे, म्हणजे साधारण अडीचशे पानांचे पुस्तक घ्या. पन्नास पैशांनी अनुवादाचे तीस हजार रुपये होतात. दिवसाला दीड हजार पक्के शब्द धरले, तर पहिला खर्डाच चाळीस दिवसांचा. मग फेरवाचन, शंकानिरसन, प्रुफे. दोन महिने कमीत कमी लागतात. म्हणजे महिन्याला पंधरा हजार. यातूनच संगणक, वीज, इंटरनेट, आरोग्यविमा, आणि काम नसलेले महिने भागवायचे. केंद्र सरकारी नोकरीतल्या सर्वांत खालच्या पदाचा मूळ पगार २०१६ पासून अठरा हजार आहे, भत्ते निराळे.

याच पुस्तकाचा दर एकदम ऐंशी पैसे केला, तर खर्च अठरा हजारांनी वाढतो. पाचशे प्रतींवर वाटला तर प्रतीमागे छत्तीस रुपये आणि कमिशन जमेस धरले तर छापील किंमत साठेक रुपयांनी वाढवावी लागेल. चारशे रुपयांच्या पुस्तकाला ही वाढ जड आहे, हे मान्य. पण हा जडपणा दहा वर्षे काहीच न केल्याचा आहे. दरवर्षी पाच टक्के वाढ केली असती, तर पहिल्या वर्षी पन्नास पैशांवर अडीच पैसे, साठ हजार शब्दांवर दीड हजार रुपये आणि पाचशेच्या आवृत्तीत प्रतीमागे तीन रुपये पडले असते. नव्या आवृत्तीची किंमत ठरवताना आपण तीन रुपयांवर दोन मिनिटेही घालवत नाही. कागद आपण चालू भावाने घेतो, छापखान्याचे नवे दरपत्रक आले की थोडी घासाघीस करून मान्य करतो, कुरिअरचे वाढीव बिल भरतो आणि त्या सगळ्याचा भार किमतीत धरतो. खर्चाच्या यादीत एकच ओळ अशी आहे जी वाढत नाही, कारण त्या ओळीतला माणूस दरपत्रक पाठवत नाही. मराठी पुस्तकांचा धंदा तोट्यात जाऊ नये म्हणून तो आपल्या मजुरीतून दरवर्षी काही रक्कम घालतो आहे, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. बाजार लहान आहे, हे वाढ हळूहळू करण्याचे कारण ठरू शकते. वाढ अजिबात न करण्याचे ठरू शकत नाही.

याच दरात, किंबहुना कमी दरात, काम करायला नवी मुले तयार आहेत, हा दुसरा आक्षेप. तयार आहेत, आणि त्यांना काम मिळायलाही हवे. पण जुन्या माणसाच्या जागी नवा माणूस ठेवण्याचा खर्च दराच्या रकान्यात दिसत नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ चे लेखननियम कुणीही पाठ करू शकेल. त्यांच्याखेरीज प्रत्येक प्रकाशनाची स्वतःची वळणे असतात: परकी नावे कशी लिहायची, अनुस्वार कुठे ठेवायचे, बोलीतले संवाद किती मोडायचे, तळटिपा कुठे द्यायच्या. जुन्या मुद्रितशोधकाला हे विचारावे लागत नाही. लेखकाच्या आधीच्या पुस्तकात एखादे गावनाव कसे छापले होते, तेही त्याच्या ध्यानात असते. तो गेला की प्रुफांची एक फेरी वाढते, संपादकाचे दिवस जातात आणि काही चुका छापून झाल्यावरच सापडतात. शिवाय आज कमी दरात आलेला मुलगा पाच वर्षांनी जुना होईल. त्याचाही दर गोठणार असेल, तर तो भाषेचे काम सोडून दुसरीकडे वळेल आणि आपण पुन्हा पहिल्यापासून शिकवत बसू. आजच कित्येक चांगले अनुवादक हे काम नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर करतात. पूर्णवेळ अनुवादावर घर चालवणारी माणसे मराठीत इतकी कमी का, हा प्रश्न वाङ्मयीन चर्चेत क्वचित निघतो. तो आधी दराचा प्रश्न आहे.

अलीकडे यंत्राचे कारण पुढे येते. मसुदा यंत्राने करून दिला आहे, आपण फक्त तपासून द्या, म्हणून दर निम्मा. काही कामांत यंत्राने वेळ वाचतो, यात शंका नाही. ठरावीक साच्याच्या सूचना, तक्ते, अर्ज यांत तो बराच वाचत असेल. ललित आणि वैचारिक गद्यात मात्र हिशेब तसा राहत नाही. इंग्रजी कादंबरीतला ‘अंकल’ काका आहे, मामा आहे की मावशीचे यजमान, हे पन्नास पाने पुढे कळते. दोन पात्रे एकमेकांना ‘तू’ म्हणतील की ‘तुम्ही’ आणि कोणत्या प्रसंगानंतर ‘अहो’चे ‘अरे’ होईल, हे सबंध पुस्तक डोक्यात ठेवूनच ठरवावे लागते. आणि असा एक निर्णय बदलला की पुढच्या प्रत्येक वाक्याचे क्रियापद बदलते. वरवर सुबक दिसणाऱ्या चुकीच्या वाक्याला हुडकून काढायला नवे वाक्य लिहिण्याइतकाच वेळ जाऊ शकतो, आणि मुखपृष्ठावर नाव अनुवादकाचेच असते. तरीही वाद घालण्यापेक्षा मोजून पाहावे. त्याच पुस्तकाची दहा पाने यंत्राच्या मसुद्यावरून आणि दहा पाने मुळातून करू द्यावीत, तास लिहून ठेवावेत आणि खरोखर जेवढा वेळ वाचला तेवढ्याचा फायदा दोघांनी वाटून घ्यावा. न मोजताच दर निम्मा करणे हे त्या जुन्या अदृश्य कपातीचेच पुढचे पाऊल होईल.

‘त्यांनी कधी मागितलेच नाही’ हे उत्तर मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, कारण ते प्रामाणिक असते. खरोखरच मागितलेले नसते. मागण्यासाठी काय पणाला लावावे लागते, हे पाहा. पगारदार माणसाने वाढ मागितली आणि ती नाकारली गेली, तर सोमवारी त्याची खुर्ची तिथेच असते. बाहेरून काम करणाऱ्याला नकार क्वचितच स्पष्टपणे मिळतो. पुढचे पुस्तक येत नाही, एवढेच. ते दरामुळे आले नाही की यंदा प्रकाशनच कमी आहे म्हणून, हे त्याला कधीच कळत नाही. ज्याच्याकडे दुसरे काम नसते तो बोलत नाही, आणि ज्याच्याकडे असते तो न बोलता निघून जातो. म्हणून मागणाऱ्यालाच वाढ, ही पद्धत कामाची गुणवत्ता पाहत नाही. ती धीट आणि भिडस्त यांत निवड करते. मराठी साहित्याच्या क्षेत्रात पैशाचे बोलणे हलके मानण्याची सवय तिला आणखी बळ देते. भाषेवरचे प्रेम हे कमी पैशांत काम करण्याचे कारण म्हणून वापरले जाते, जणू छापखान्याच्या मालकाचे मराठीवर प्रेम नसते म्हणून त्याला पूर्ण बिल मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. या दर्जाचा अभिमान ज्यांच्या कामामुळे टिकायचा आहे, त्यांत शब्दामागे पैसे घेणारी ही माणसेही आहेत.

तेव्हा कलम कसे असावे, ते सांगतो. मागील वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकातली वाढ पाहून १ एप्रिलपासून नव्या कामांना नवा दर लागू व्हावा. चालू पुस्तक ज्या दराने घेतले त्याच दराने पुरे व्हावे, म्हणजे आपले अंदाजपत्रक मध्येच मोडणार नाही. आकडेमोड नको असेल, तर सरसकट पाच टक्के ठेवावेत. मागची थकलेली वाढ तीन वर्षांत विभागून द्यावी. निदान पहिले पाऊल म्हणून आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या माणसाचा दर आपल्याच सर्वांत नव्या माणसापेक्षा कमी नाही, एवढे या महिन्यात तपासून घ्यावे. ज्या पुस्तकाला रोख वाढ झेपतच नाही, तिथे दुसऱ्या आवृत्तीपासून रॉयल्टीचा वाटा द्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो आणि करारात मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांपुरताच दिला असे धरले जाते. बिलाचे पैसे वेळेवर मिळणे हाही दराचाच भाग आहे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, आणि ते थकवले तर एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. आपल्या हिशेबनीसांना हे ठाऊक असेलच, पण आपले बरेचसे अनुवादक आणि मुद्रितशोधक अजून नोंदणीकृत नाहीत. त्यांना ती नोंदणी करायला आपणच सांगावे, आणि ती होईपर्यंतही पंचेचाळीस दिवसांचा नियम पाळावा.

आपल्या संघटनांच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि त्या बैठकीला अनुवादक, मुद्रितशोधक, चित्रकार यांनाही बोलवावे, अशी विनंती आहे. तोवर कुणाची वाट न पाहता एखाद्या प्रकाशनाने आपल्या जुन्या माणसांना येत्या एप्रिलपासूनचा नवा दर स्वतःहून कळवला, तर ते पत्र दोन ओळींचे असले तरी चालेल.

कळावे,

बाहेरून काम करणाऱ्यांपैकी एक